टटल घराण्याचा कुलवृत्तांत

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुझे आजोबा किती वर्षांचे होऊन गेले?"

मी दारातच उभी होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मैत्रिणीने लिहून दिलेला पत्ता. वेंटवर्थव्हिलला एक मराठी काका एकटेच राहतात, मागच्या अंगणातली खोली विद्यार्थ्यांना देतात, माणूस विक्षिप्त आहे पण भला आहे, एवढं तिने सांगितलं होतं. पाहुणे, स्वयंपाक, उशिरा येणं, मित्रमंडळी या सगळ्यांवरची उत्तरं मी ट्रेनमध्ये पाठ करून आले होते. आजोबांचं उत्तर तयार नव्हतं.

"एक्याऐंशी," मी म्हटलं.

"कशाने गेले?"

"म्हातारपणाने."

"म्हातारपणाने कुणी जात नाही. सर्टिफिकेटवर काहीतरी लिहितात. आणि आजी?"

"आजी आहे अजून. चिंचवडला असते. रोज फिरायला जाते."

"वा!" काकांचा चेहरा एकदम उजळला. जणू माझ्या आजीला त्यांनीच जपून ठेवलं होतं. "ये आत. खोली तुझी."

मला आधी वाटलं, याच्या डोक्यात काहीतरी सैल आहे. मी तशी तोंडाची फटकळ, पण ऑस्ट्रेलियातला तो माझा चौथा दिवस होता आणि मला खोली हवी होती. म्हणून गप्प बसले.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. किराणा दुकानाच्या मालकाला, टपाल टाकणाऱ्या बाईला, बसमध्ये शेजारी बसलेल्या कुणालाही. माझा एक पंजाबी मित्र मला सोडायला आला, तर त्यालाही गेटवरच गाठलं. तो म्हणाला, "अंकल, मेरे दादाजी तो अभी ट्रॅक्टर चलाते हैं. नाइंटी टू." काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला आणि घरात नेऊन त्याला चकल्या खायला घातल्या. तो बिचारा पुढे कितीतरी दिवस मला विचारायचा की आपण नक्की काय जिंकलो होतो.

काका रेल्वेत होते. ट्रेन चालवायचे नाहीत, सिग्नल बसवायचे आणि तपासायचे. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं, आणि त्या कामाने त्यांना एकच तत्त्वज्ञान दिलं होतं : शंका आली की लाल. सिग्नलची तार तुटली, वीज गेली, काहीही बिघडलं, तरी दिवा हिरवा राहता कामा नये, आपोआप लाल झाला पाहिजे. हा नियम त्यांनी घरात सगळीकडे लावला होता. दुधाची शंका आली की दूध ओतून द्यायचं. जिन्याच्या पायरीची शंका आली की जिना बंद, आठ दिवस सगळ्यांनी मागच्या दाराने यायचं. मला एकदा साधा खोकला झाला तर त्यांनी मला युनिला जाऊ दिलं नाही. मी चिडले, तर म्हणाले, "चीड. चिडायला जिवंत माणूस लागतं."

या वाक्याचं मला तेव्हा हसू आलं होतं. महिन्याभराने एका शनिवारी मी कोथिंबीर निवडत बसले असताना त्यांनी मला हेलनबद्दल सांगितलं, तेव्हा मला त्या हसण्याची लाज वाटली.

हेलन त्यांची बायको. इथलीच, नर्स. काकांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा वॉर्डात तिची ड्यूटी होती. "ती गेली तेव्हा सेहेचाळीस वर्षं आणि एक महिन्याची होती," काका म्हणाले. "सकाळी स्वयंपाकघरात उभी होती. चहाचा कप ओट्यावर नीट ठेवला आणि मग पडली. लीना शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. अठरा वर्षांची. मी कामावर." नंतर तपासणीत निघालं की हेलनच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. डॉक्टर म्हणाले, हा दोष बऱ्याचदा घराण्यातून येतो, कधीकधी एकट्यादुकट्यालाही होतो. मुलीला तपासून घ्या. लीनाला तपासलं, तेव्हा सगळं ठीक निघालं. पण हा दोष वयाबरोबर उगवू शकतो, म्हणून दर काही वर्षांनी येत राहा, असंही त्यांनी बजावलं. लीना परत कधीच गेली नाही.

मी तिथे राहायला गेले तेव्हा लीना चाळिशीला आली होती. मेलबर्नला, टार्निटच्या नव्या वसाहतीत नवऱ्याबरोबर राहायची, शाळेत शिकवायची. काका तिला रोज सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना फोन करत. तिचा आवाज ऐकायचा, बस, एवढंच काम होतं. पण तसं सांगायची सोय नव्हती, म्हणून रोज एक कारण लागायचं. या कारणांची त्यांनी वही ठेवली होती! एकदा पुसापुशी करताना ती माझ्या हाताला लागली. तारखा घालून लिहिलं होतं : तिकडे पाऊस आहे का. कढीपत्त्याला पाणी किती घालतेस. गाडीचे टायर. हेलनचा निळा स्वेटर कुणाकडे आहे. एकच कारण महिन्यात दोनदा येऊ नये म्हणून वापरलेल्या कारणांवर फुल्या मारलेल्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण भांडं कुठे लपवलं याची नोंद ठेवणारा हा पहिलाच माणूस.

लीनाला सगळं कळत होतं. स्पीकरवरून तिचा आवाज यायचा, "बाबा, आय ॲम ड्रायव्हिंग. यस, इट्स रेनिंग. नो, आय ॲम नॉट टायर्ड. बाय." काका फोन ठेवून दोन मिनिटं नुसते बसत आणि मग चहा टाकत. तिने फोन उचलला नाही तर चहा नाही. एकदा तिचा फोन घरी विसरला आणि साडेदहाला तिने शाळेतून परत फोन केला, तोपर्यंत हा माणूस ओट्यापाशी उभा होता. पाय सुजले होते त्यांचे. मी आधी रागावले आणि मग माझ्या खोलीत जाऊन रडले.

त्या वहीत हृदयाचा विषय मात्र नव्हता. काही वर्षांपूर्वी त्यांनी एकाच दिवसात अकरा वेळा फोन करून "तपासून घे, तपासून घे" म्हटलं, तेव्हा लीनाने दीड वर्ष त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. समेट झाला तो तिच्या अटीवर. ती म्हणाली होती, "मम वॉज अनलकी, बाबा. दॅट्स ऑल. शो मी वन पर्सन. तिच्या फॅमिलीत असा एक माणूस दाखव, मी जाईन. तोपर्यंत हा विषय नको." ती भित्री नव्हती. आईला पडलेलं तिने पाहिलं होतं, आणि तपासणीच्या पलंगावर झोपून आपली छाती कुणाला तरी दाखवणं तिला जमत नव्हतं, एवढंच.

एक माणूस दाखव. काकांनी शोध सुरू केला तो या वाक्यावर. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. हेलनचं माहेरचं आडनाव टटल. तिचे वडील हेलन लहान असतानाच ट्रॅक्टर उलटून गेले. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात गेले. त्यांचे वडील पट्टीचे पोहणारे, पण नदीत बुडून गेले. त्यांचे वडील जोएल, जे सोन्याच्या शोधात अमेरिकेतून जहाजाने इकडे आले, ते खाणीत दरड कोसळून गेले. एकही माणूस अंथरुणावर पडून गेला नव्हता. काका हताश होऊन म्हणायचे, "या घराण्यात रोगाने मरायला कुणी उरलंच नाही गं!"

म्हणून मग अमेरिका. जोएल व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका खेड्यातून आला होता, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या मागची माणसं आपल्या शेतात, आपल्या घरात मेली असणार. ती किती वर्षांची होऊन मेली हे कळलं की हेलनच्या रक्तात ते होतं की नव्हतं, याचा अंदाज येईल, असा काकांचा हिशेब.

हे काम त्यांनी आपल्याला ठाऊक असलेल्या एकमेव पद्धतीने करायला घेतलं, म्हणजे कुलवृत्तांत. त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटात होता, चांगला जाडजूड, लाल कापडी बांधणीचा. मूळपुरुष, शाखा, उपशाखा, प्रत्येकाला क्रमांक. त्यात काकांची नोंद होती. शिक्षण, नोकरी, वास्तव्य ऑस्ट्रेलिया. आणि पुढे दोन शब्द : पत्नी परदेशी. नाव नाही, गाव नाही. पुस्तक पुण्याहून आलं तेव्हा हेलनने उत्सुकतेने विचारलं होतं, माझ्याबद्दल काय लिहिलंय? "मी सांगितलं, लिहिलंय की तू फार प्रेमळ आहेस," काका म्हणाले. "आयुष्यात तिच्याशी तेवढं एकदाच खोटं बोललो." मग त्यांनी ठरवलं होतं की टटलांचा कुलवृत्तांत आपण लिहायचा, मराठीत, रीतसर, आणि त्यात हेलनला पूर्ण पान द्यायचं.

मला पॅरामॅटाला नोकरी लागली, मी स्वतःचं घर घेऊन राहू लागले, तरी दर रविवारी काकांकडे जायचे. ते सांगत, मी टाइप करी. इंटरनेटवर शोधणं माझ्याकडे. व्हरमाँटच्या त्या खेड्यात एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या, त्या गावाच्या जुन्या स्मशानातल्या दगडांचे फोटो काढून पाठवायच्या. त्यांच्या प्रत्येक ईमेलची सुरुवात तिकडे बर्फ किती पडलाय यापासून व्हायची. त्या काळच्या दगडांवर जन्मतारीख नसे, किती जगला ते लिहीत. इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. काकांना हे फार आवडलं. "हिशेबी माणसं," ते म्हणाले. "आपल्याकडे नुसतं 'वृद्धापकाळाने' म्हणून मोकळे होतात."

अडत होतं ते एका ठिकाणी. जोएलचं इथल्या लग्नाचं सर्टिफिकेट मिळालं होतं, पण वडिलांच्या नावाच्या रकान्यावर कधीतरी पाणी सांडून शाई फुटली होती. काका भिंग घेऊन तीन रविवार त्या डागाकडे बघत होते. चौथ्या रविवारी मीच वैतागून म्हटलं, "काका, तो डाग सोडा. नाव लिहिलंय की वर! जोएल ॲम्ब्रोज टटल. वडील ॲम्ब्रोज!"

काकांनी कपाळावर हात मारला. "खरंच की!"

त्याच दिवशी ग्रंथपाल बाईंना विचारलं, तुमच्या गावात ॲम्ब्रोज टटल नावाचा कुणी शेतकरी होता का? दोन दिवसांत उत्तर आलं. होता, आणि हा त्याचा दगड. एक्याण्णव वर्षं, चार महिने, अकरा दिवस. शेजारी त्याच्या वडिलांचा दगड, चौऱ्याण्णव. पलीकडे मुलांचे, अठ्ठ्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी.

काका ते आकडे परत परत वाचून दाखवू लागले. त्यांनी त्याच संध्याकाळी नोंद सांगितली आणि मी टाइप केली : "कै. ॲम्ब्रोजराव टटल. वृत्तीने धार्मिक, स्वभावाने करारी. मेंढ्या व दुभती जनावरे बाळगून होते. मेपलच्या झाडाचा पाक काढण्यात त्यांचा हातखंडा होता."

"काका, ते करारी होते हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुलवृत्तांतात सगळे करारीच असतात. लिही तू."

मग त्यांनी लीनाला फोन केला. आकडे तिने परत एकदा वाचून घेतले. मग म्हणाली, "सो मम वॉज जस्ट अनलकी." तिच्या आवाजात इतका सुटलेपणा होता की मला कळलं, या बाईने पण सगळी वर्षं श्वास धरूनच काढली होती. खरं तर व्हरमाँटमधला कुणी नव्वद वर्षं जगला म्हणून लीनाच्या छातीचं काय ठरतं, हे कुठल्याही डॉक्टरने दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण आम्ही कुणी डॉक्टरला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका सकाळी आठपर्यंत झोपले. सातचा फोन बंद झाला. लीनाच आता रविवारी स्वतःहून फोन करायची आणि तासभर बोलायची. काका बसमध्ये शेजारच्याला आजोबांचं वय विचारीनासे झाले, हवामानाबद्दल बोलू लागले. त्यांनी गोल्फ बघायला सुरुवात केली! असं जवळजवळ वर्ष गेलं. माझ्या माहितीत त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष असेल, आणि ते मी त्यांना दिलं होतं, म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटायचं.

ऑफिसातली माझी एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती. एका दुपारी ती बाळाला घेऊन केक वाटायला आली. कार्डावर बाळाचं नाव होतं, नोआ रॉबर्ट आणि पुढे आडनाव. मी केक खाता खाता म्हटलं, "अगं, तुझ्या नवऱ्याचं नाव स्टीव्ह ना? मग रॉबर्ट कोण?"

"मेट, रॉबर्ट इज माय अंकल," ती म्हणाली. "ही टॉट मी टू फिश."

केकचा घास माझ्या तोंडातच राहिला. मी तोंडावर हात दाबून खुर्चीत बसले. तिला वाटलं मलाही दिवस गेलेत.

मधलं नाव वडिलांचंच असतं असं इथे मुळीच नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सहा वर्षं राहत होते मी या देशात. काका तर चाळीसच्या वर. खुद्द हेलनचं मधलं नाव तिच्या आत्याचं होतं. पण पहिलीपासून वहीच्या मुखपृष्ठावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहीत आलेली माणसं आम्ही. काकांनी तर लीनाच्या जन्मदाखल्यावरही मधे स्वतःचं नाव घातलं होतं, मुलीला असं पुरुषी नाव कसलं म्हणून हेलन हसली होती तरी. कुलवृत्तांताची शिडी याच एका पायरीवर चढत जाते. आम्ही दोघांनी डोळे मिटून त्या पायरीवर पाय ठेवला. आणि ॲम्ब्रोजला जोएल नावाचा मुलगा होता का, हा साधा प्रश्न त्या बाईंना विचारलाच नाही.

तो मी त्या संध्याकाळी विचारला. उत्तर आलं त्यात या वेळी बर्फाबद्दल काही नव्हतं. ॲम्ब्रोजला जोएल नावाचा मुलगा नव्हता. चर्चच्या नोंदीप्रमाणे जोएल हा ॲम्ब्रोजच्या धाकट्या भावाचा, थॅडियसचा मुलगा. चुलत्याचं नाव पुतण्याला मधे दिलेलं. थॅडियसचा दगड स्मशानाच्या वरच्या बाजूला होता. चव्वेचाळीस वर्षं, दोन महिने, सहा दिवस. गवत कापत असताना शेतात पडला. त्याची एक मुलगी एकोणिसाव्या वर्षी चर्चच्या वाटेवर गेली. त्याची आई अडतिसाव्या वर्षी गेली होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, गावातली जुनी माणसं म्हणत, टेकडीवरचे टटल उभ्याउभ्या जातात.

लीना तेव्हा पंचेचाळीस वर्षं आणि सात महिन्यांची होती.

ते पत्र मी नऊ दिवस जवळ ठेवलं. आज मला त्या नऊ दिवसांची लाज वाटते, पण खरं ते सांगते. लीनाला परस्पर कळवावं का? ती माझी कोण? काकांना सांगितलं आणि त्यांनाच काही झालं तर? रोज ऑफिसला जाताना ठरवायचे आज सांगायचं, आणि परत येताना मनाशी म्हणायचे, वर्षभर काही झालं नाही, एक दिवसाने काय होणार. आणि रात्री डोळा लागला की कुणीतरी ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज यायचा. मधल्या रविवारी कामाचं निमित्त सांगून गेलेच नाही. दहाव्या दिवशी परत रविवार होता.

काका जेवणाच्या टेबलावर कुलवृत्तांताची पानं पसरून बसले होते. पुस्तक छापायला जायचं होतं. मला बघून म्हणाले, "बरी आलीस. मूळपुरुषाचं चित्र नाही आपल्याकडे. मेंढीचं टाकावं का?"

मी बसलेसुद्धा नाही. "काका, ॲम्ब्रोज जोएलचे वडील नव्हते."

"मग कोण होते?"

"चुलते. मधलं नाव चुलत्याचं आहे."

काकांनी चष्मा काढला. कपडा घेऊन पुसला आणि परत घातला. मधलं नाव म्हणजे काय झालं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "वडिलांचं वय?"

मी वाचून दाखवलं. "कशाने?" मी तेही वाचलं. "आणखी?" मी मुलीचं आणि आईचं वाचलं. ते एका कोऱ्या कागदावर आकडे लिहीत गेले. मग पेन्सिल थांबली आणि ते हळूच म्हणाले, "तो नदीत बुडालेला पट्टीचा पोहणारा होता गं." थोड्या वेळाने परत म्हणाले, "आणि हेलनच्या वडिलांचा ट्रॅक्टर. मी ते शेत पाहिलंय. ताटासारखं सपाट आहे. सपाट शेतात ट्रॅक्टर उलटतोच कसा?" त्यांनी ते दोन आकडेही खाली लिहिले.

मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. ॲम्ब्रोज मी म्हटलं होतं."

"सही मी केली होती," ते म्हणाले. "आमच्याकडे सिग्नल दोघांनी तपासायचा असतो. एकाला दिसलं नाही तर दुसऱ्याला दिसावं म्हणून. आपण दोघं होतो, पण डोळा एकच होता. अंदाजावर हिरवा दिला आपण. तोही कुणाला!" आणि ते उठले आणि फोन घेतला. दुपारचे तीन वाजले होते. लीनाने पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. आज मला काही विचारायचं नाहीये. सांगायचंय. आय वॉज राँग, लीना. आय मेड अ मिस्टेक." आणि मग त्यांनी कागदावरची नावं आणि वयं एकामागून एक वाचली, स्टेशनांची नावं वाचावी तशी, कुठेही न थांबता. "यू सेड वन," ते शेवटी म्हणाले. "आय हॅव फाइव्ह."

स्पीकर चालू होता, तरी काकांनी फोन कानाशी घट्ट दाबला. त्यांचा दुसरा हात टेबलाची कड शोधत होता.

"सिक्स," लीना म्हणाली. "मम." आणि मग म्हणाली, "ओके. आय विल गो."

"कधी?"

"बाबा, इट्स संडे. उद्या सकाळी फोन करते त्यांना. आय प्रॉमिस."

ती गेली. आम्ही दोघे विमानाने मेलबर्नला गेलो. तपासणी वीस मिनिटांची असते म्हणतात, ती पन्नास मिनिटं चालली, तेव्हाच मला कळलं. दोष होता, आणि बराच पुढे गेलेला होता. लीना बाहेर आली तेव्हा शांत होती. मी मात्र रुमाल शोधत होते. डॉक्टरांनी तिला घरी सोडलं नाही. त्याच आठवड्यात तिच्या डाव्या खांद्याखाली काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलं. हृदय भलतंच धावायला लागलं तर ते धक्का देऊन ठिकाणावर आणतं. चौदा महिन्यांनी शाळेच्या मैदानावर, मुलांच्या शर्यती चालू असताना, त्या यंत्राने एकदा आपलं काम केलं. लीना पडली, आणि उठून बसली. तोवर काका नव्हते. ते एकोणऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने गेले, सर्टिफिकेटवर तसं स्पष्ट लिहिलंय. काकांच्या पाठीमागे कुलवृत्तांत मी पुरा केला. हेलनचं पान त्यांनीच लिहून ठेवलं होतं, त्याला मी हात लावला नाही.

पण मला काका आठवतात ते त्या वॉर्डातले. यंत्र बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. लीना उशांना टेकून बसली होती, नवरा कॉफी आणायला गेला होता, काका शेजारच्या खुर्चीत. कुणाला उठावंसं वाटत नव्हतं. लीनाने आईच्या माणसांबद्दल इतक्या वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. ती एकदम म्हणाली, "बाबा, टेल मी अबाउट हिम. थॅडियस. कसा होता तो?"

"माहीत नाही गं," काका म्हणाले. "काहीच माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षं, दोन महिने, सहा दिवस. एवढंच लिहिलंय."

लीना छताकडे बघत मनाशी काहीतरी मोजत राहिली. मग तिने मान वळवली.

"देन ही वॉज यंगर दॅन मी," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "हो," ते म्हणाले. "लहान होता गं. तुझ्यापेक्षा लहान होता." आणि त्यांना रडू फुटलं. हेलन गेली तेव्हाही ते रडले नव्हते, हे लीनाने मला नंतर सांगितलं. एवढा वेळ बांधून ठेवलेलं सगळं त्यांनी त्या कुठल्या परक्या मुलखातल्या, गवत कापता कापता पडलेल्या पोरासाठी सोडून दिलं, मोठ्याने, वॉर्डातल्या माणसांची पर्वा न करता. डावा हात उचलायचा नाही असं लीनाला डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने पलंगावर कूस बदलली आणि उजवा हात लांब करून बापाच्या पाठीवर ठेवला.